परकारांचा स्वतंत्र पेपर

दाभोळच्या नसरुद्दीन परकारला रियाधमधले कोकणी लोक ‘पत्रकार’ म्हणत, आणि त्याने कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. खरं तर तो शहराबाहेर अल सुलै भागातल्या गोदामांमध्ये दडलेल्या एका छापखान्यात फिल्मच्या खात्यात होता. ‘अल-मरफा’ नावाचा अरबी पेपर लंडनमध्ये तयार होई. पानं उपग्रहावरून रियाधला येत, त्यांची फिल्म निघे. ती दिव्याच्या काचेवर पसरायची, डाग-चरे पुसायचे आणि छपाईची प्लेट करणाऱ्या प्लेटवाल्याकडे सरकवायची, एवढं त्याचं काम. पण शुक्रवारी बथ्याच्या बाजारात हुसेनमियाँच्या शिलाईच्या दुकानात मंडळी जमली, की त्याच्या तोंडात ‘आम्ही’ यायचं. “लेबनॉनचा प्रश्न आम्ही लावून धरलाय.” “मोरोक्कोवाल्यांना आम्ही काल चांगलंच सुनावलं.”

रजेवर गावी जाताना तो ट्रंकेत पेपरचा एक अंक इस्त्री केल्यासारखा सपाट ठेवून नेई. नावाखालच्या बारीक ओळीवर बोट ठेवून आधी अरबीत वाचायचा, मग मराठीत: “सर्व अरबांचं स्वतंत्र दैनिक. स्वतंत्र म्हणजे काय, तर कुणाच्या बापाला न भिणारं!” मालकाचा फोटो पहिल्या पानावर जरा जास्तच वेळा का येतो, हे दाभोळात कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मालक दिसायलाच तसे रुबाबदार आहेत, असं त्याने सांगितलं असतं, आणि मनापासून सांगितलं असतं.

नव्वद सालच्या ऑगस्टमधली ती गुरुवारची सकाळ. नसरुद्दीनची आठवड्याची सुट्टी होती. तो चहात खारी बुडवत होता, तेवढ्यात बदरुन्निसा, म्हणजे त्याची बायको, ट्रान्झिस्टर कानाशी धरूनच स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“अवो, इराकचं सैन्य कुवेतात घुसलं म्हणे. आपला शारीक तिथंच आहे!”

शारीक तिचा धाकटा भाऊ. कुवेतात एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये होता.

“रेडिओचं काय ऐकतेस?” नसरुद्दीन म्हणाला. “तेलाच्या भावावरून त्यांची बाचाबाची चाललीच होती. उद्या आपल्या पेपरात येईल तेव्हा खरं कळेल.”

“आणि नाही आलं तर?”

“तर झालंच नाही समज.”

दुसऱ्या दिवशी पेपर आला. पहिल्या पानावर कसीम प्रांतातल्या खजुराचं पीक होतं, एका पुलाचं उद्घाटन होतं आणि मालकांचा फोटो होता. कुवेत आतल्या पानावरसुद्धा नव्हतं. हवामानाच्या कोष्टकात तेवढं होतं: आकाश निरभ्र.

“बघ!” नसरुद्दीन म्हणाला. पण हातातली खारी तशीच राहिली.

त्याची मुलगी मेहनाज आठवीत होती. ती पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली, “अब्बा, पूरी बिल्डिंग को मालूम है. सिर्फ आपके पेपर को मालूम नहीं.”

हुसेनमियाँच्या दुकानात तर लोक त्याची वाटच बघत होते. हुसेनमियाँ दापोलीचे, वयाने सगळ्यांत मोठे आणि जिभेने सगळ्यांत धारदार.

“ये रे नसरू. तुम्ही लोकांनी कुवेत परत घेतलं का इराककडून?”

“चाचा, आम्ही खात्री केल्याशिवाय छापत नाही.”

“बरोबर आहे. खजूर खात्रीचा असतो.”

दुकान हसलं. नसरुद्दीनही हसल्यासारखं करून बाहेर आला. घरी बदरुन्निसा रेडिओची सुई इकडून तिकडे फिरवत बसली होती. तिने त्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं, असं त्याला वाटलं.

शनिवारी तो कामावर गेला. दुपारच्या असरच्या नमाजानंतर पानं यायला लागली. पहिल्या पानाची फिल्म काचेवर पसरली आणि तो बघतच राहिला. चार कॉलमांची बातमी होती. कुवेत पडलं. तिथले अमीर सीमा ओलांडून सौदीत आले. परदेशी कामगार अडकले आहेत, काही जण वाळवंटातून निघायच्या प्रयत्नात आहेत. म्हणजे लंडनने दिली होती! त्याची छाती अशी फुगली, की जणू त्यानेच जाऊन बातमी आणली होती.

तेवढ्यात उस्ताद बशीर आले. हे सुदानी गृहस्थ रियाध कचेरीचे संपादक. पोटाने गोल, स्वभावाने मऊ, खिशात कायम बडीशेप.

“नसर, ही चार कॉलम काढ. तिथे हा फोटो लाव.” हातात गव्हाच्या शेताचा फोटो होता.

“उस्ताद, पण लंडनने...”

“लंडनवाले लंडनमध्ये छापणार आहेत. परवाही हेच झालं, कालही हेच झालं. इथे फोन आलाय.”

“कुणाचा?”

“ज्याला आपलं नाव सांगावं लागत नाही, त्याचा.”

इतक्या वर्षांत नसरुद्दीनने कधी उलट शब्द काढला नव्हता. त्या दिवशी मात्र त्याचं बोट आपोआप पेपरच्या नावाखालच्या ओळीवर गेलं. “उस्ताद, इथे स्वतंत्र लिहिलंय.”

बशीर वाकले, चष्मा वर करून त्यांनी ती ओळ नीट वाचली. मग म्हणाले, “ती काढायला अजून कुणी सांगितलं नाही. राहू दे.” आणि बडीशेपेची चिमूट त्याच्या तळहातावर ठेवून, खाली मान घालून निघून गेले.

नसरुद्दीनने ब्लेड घेतलं. इतक्या सावकाश त्याने कधी काही कापलं नसेल. कापायच्या आधी एकेक ओळ वाचायची, मग पुढे सरकायचं. यल्ला, यल्ला म्हणत घाई करायला प्लेटवाला दोनदा येऊन गेला. शेवटी गहू कुवेतच्या जागेवर चपखल बसला आणि नसरुद्दीनला आपल्याच हातसफाईचा राग आला.

घरी येऊन चप्पलही न काढता त्याने बदरुन्निसाला समोर बसवलं आणि बशीरना आलेल्या फोनासकट सगळी बातमी तोंडपाठ सांगितली. कामगारांना मारलेलं नाही. रस्ते बंद आहेत, पण वाळवंट उघडं आहे. तिने डोळे पुसले आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्याला विचारलं, “जेवलात का?”

मग काय! लंडनहून आलेलं आणि रियाधमध्ये कापलेलं सगळं नसरुद्दीन डोक्यात घालून बथ्यात नेऊ लागला. हुसेनमियाँनी त्याच्यासाठी दुकानातलं एकुलतं गादीचं स्टूल मोकळं केलं. “बसा संपादकसाहेब. आज काय कापलंत?” नसरुद्दीन घसा साफ करायचा. कुणी मध्ये बोललं तर थांबायचा, आणि त्याच्या थांबण्याचा धाक वाटावा असे हे त्याच्या आयुष्यातले पहिलेच दिवस होते.

ते फार टिकले नाहीत. आठवडा उलटायच्या आत वरून फोन आला की आता छापा, आणि पेपर कुवेतने असा भरून वाहू लागला की खजुराला जागा उरली नाही. नसरुद्दीनचं स्टूलही गेलं.

याच सुमाराला हुसेनमियाँच्या दुकानात कादिर भेटला. हा रत्नागिरीचा ट्रकवाला, सीमेकडच्या वस्त्यांवर पाण्याच्या बाटल्या पोहोचवायचा. त्याने नसरुद्दीनला कोपऱ्यात घेतलं. कुवेतहून सुटून आलेला एक माणूस त्याला भेटला होता. शारीकचं वर्कशॉप लुटलं, जाळलं. शारीक त्यानंतर कुणाला दिसला नाही.

नसरुद्दीन घरी आला. बदरुन्निसा भात उपसत होती.

“काही कळलं?”

“नाही. विशेष काही नाही.”

त्याने मनाशी ठरवलं होतं: खात्री होऊ दे, मग सांगू. उगाच घाबरून जाईल. तिच्या भल्यासाठीच. पुढचे कित्येक दिवस तो तिला पेपरातल्या बातम्या वाचून दाखवत राहिला आणि ती ऐकत राहिली. मेहनाज मात्र बापाकडे जरा टक लावून बघायला लागली होती.

शेवटी हुसेनमियाँच्या बायकोनेच एका दुपारी बदरुन्निसाला धीर द्यायला म्हणून सगळं सांगून टाकलं. नसरुद्दीन संध्याकाळी दारात आला तर बदरुन्निसा खुर्चीवर सरळ बसलेली.

“शारीकचं कधीपासून माहीत आहे तुम्हाला?”

त्याने सांगितलं. मग पुढचं सगळं एका दमात बोलला: खात्री नव्हती, कादिर बढाईखोर आहे, तुझं ब्लडप्रेशर...

तिने मधे तोडलं नाही. तो पूर्ण थांबल्यावर म्हणाली, “तुमच्या बशीरला निदान फोन येतो. तुम्हाला कुणाचा फोन आला होता?”

आतल्या खोलीत मेहनाज खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. त्या रात्री त्याला डाळ मिळाली, पण वाढली कुणी नाही.

सप्टेंबर सरता सरता दाभोळहून फोन आला. शारीक जिवंत होता. इराकमधून, वाळवंटातून, अम्मानच्या छावणीतून विमानाने मुंबईला पोहोचला होता; अंगावर कातडं आणि कुणाचा तरी ढगळ शर्ट. फोन ठेवून बदरुन्निसा खूप रडली आणि मग नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून तिने एकच अट घातली: यापुढे बातमी असेल तशी, अख्खी सांगायची.

नसरुद्दीनने ती इतक्या इमानाने पाळली, की जानेवारीत रियाधवर क्षेपणास्त्रं पडायला लागल्यावर तिच्यावर पश्चात्तापाची पाळी आली. कुठे पडलं, किती मोठा खड्डा झाला, कोणत्या वाऱ्याने विषारी वायू किती लांब येऊ शकतो, सगळं तो खिडक्यांना टेप चिकटवता चिकटवता सांगायचा. “पुरे हो!” ती एकदा ओरडली. “माणसाने जरा निवडून सांगावं!”

“मग कसं करू? ठरव एकदा.”

“अख्खं सांगा,” ती म्हणाली, “पण जेवण झाल्यावर.”

बशीर मात्र युद्ध संपेपर्यंत रियाधमध्ये राहिले नाहीत. सुदानचं सरकार इराकच्या बाजूला झुकलं आणि त्यांच्याबद्दलही कुणाला तरी फोन आला. त्यांना लंडनला हलवलं. निरोप घ्यायला ते फिल्मच्या खात्यात आले, तेव्हा नसरुद्दीनचे डोळे भरले. हेच ते, ज्यांनी कधी फोन टाळला नव्हता. “उदास होऊ नको,” बशीर म्हणाले, “आता मी कापणार नाही. पाठवणार. कापायचं तुझ्याकडेच राहिलं.” आणि दोघांनाही हसू आलं.

नसरुद्दीन त्या छापखान्यात पुढे बरीच वर्षं होता. कापायचं ते कापत राहिला. इकामा म्हणजे राहायचा परवाना, संसार, मुलीचं शिक्षण होतं. फक्त बथ्यात ‘आम्ही’ म्हणायचं त्याने सोडलं. ‘ते छापतात’ असं म्हणायचा.

कुवेत मोकळं झाल्यावर शारीकला त्याच्या जुन्या कफीलने, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाने, परत बोलावलं. बदरुन्निसा भावाशी आठवडाभर बोलली नाही, आणि मग आईला कळवून त्याच्यासाठी मसाला कुटून घ्यायला सांगितला. निघण्याआधी शारीकने दाभोळच्या टेलिफोन बूथवरून रियाधला फोन लावला.

“भावजी, तिकडे आता कसं आहे? तुमचा पेपर काय म्हणतो?”

“पेपर म्हणतो सगळं छान आहे,” नसरुद्दीन म्हणाला. “तू असं कर, तिथल्या एखाद्या ओळखीच्याला विचार. नळाला पाणी येतं का, दिवे लागतात का, आणि संध्याकाळी माणसं रस्त्यावर हिंडतात का. तो हो म्हणाला तर जा.”

शारीकने विचारलं. तिकडून उत्तर आलं, पाणी येतं, दिवे एक दिवसाआड लागतात, आणि जळत्या तेलविहिरींच्या धुराने आकाश काळं आहे पण माणसं हिंडतात. तो गेला.