मास्तरांची पिशवी

"ही जुनी रद्दी घरीच ठेवा, मास्तर." हे वाक्य माझं. रशीदमास्तरांनी काउंटरवर ठेवलेली कापडी पिशवी मी न उघडता परत सरकवली. चूक तिथंच झाली.

सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर मी अठरा वर्षं बसतोय. रशीदमास्तर शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर. सांधेवातानं त्यांची बोटं आखडली होती. डॉक्टरांनी सलाइनमधून द्यायचं महागडं इंजेक्शन लिहिलं. असं औषध देण्याआधी विमा कंपनीची परवानगी लागते. तिला आम्ही प्री-ऑथ म्हणतो.

कंपनीची क्वेरी आली, म्हणजे विचारणा. आधी साध्या गोळ्या दिल्या होत्या का? किती दिवस? का बंद केल्या? मी आमची अख्खी फाईल, बेचाळीस पानं, स्कॅन करून पाठवली. शोधा म्हटलं त्यातून. उत्तर त्यात नव्हतंच. परवानगी नाकारली गेली.

मास्तरांना सांगितलं, "कंपनीनं नाकारलं हो. त्यांचं असंच असतं."

"कंपनीला माझी बोटं दिसत न्हाईत का, साहेब? मे महिना हाय. शाळांचा माल निघायचाय. कात्री धरवंना मला."

कटिंगच्या टेबलाशी दुसरा माणूस उभा राहिला. मास्तर स्टुलावर बसून नुसते बघत राहिले.

पंधरा दिवसांनी त्यांच्या पत्नी, शाहीनभाभी, तीच पिशवी घेऊन आल्या आणि काउंटरवर उलटी केली.

"नकाराचं पत्र लेकीनं वाचून दाखवलं. जुन्या गोळ्या इचारल्यात की त्यात! रद्दी म्हणला नव्हं तुमी? बघा आता."

मोहोळच्या आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या निघाल्या. आठ महिने गोळ्या. मग लिव्हरचा बिघडलेला रिपोर्ट. त्याखाली एक ओळ : गोळ्या बंद. तीन कागदांत सगळं होतं. ते तीन कागद आणि आमच्या डॉक्टरांचं एकपानी पत्र त्याच दुपारी पाठवलं. दुसऱ्या दिवशी परवानगी आली. पण तोवर जून लागला होता, सीझनचं कटिंग संपलं होतं.

मग मी एका पानाचा फॉर्म केला. आजार कोणता, आधी काय दिलं, का थांबवलं, आता हेच का.

मॅनेजर मॅडम म्हणाल्या, "एवढ्यानं काय होणार?"

"मॅडम, क्वेरीत हेच विचारतात. आपण आधीच सांगू."

आता डॉक्टर ओपीडीतच तो भरतात. पेशंटची पिशवी आधी उघडायची, हा माझ्या डेस्कचा नियम. पुढच्या डोसची परवानगी आजच्या डोसलाच मागायची. बहुतेक प्री-ऑथ आता क्वेरीशिवाय येतात. बार्शीच्या एका हॉस्पिटलनं तो फॉर्म मागून नेला. अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू? शिकलो ते एवढंच : बेचाळीस पानं पाठवणं म्हणजे उत्तर देणं नव्हे.

मास्तर मात्र दर डोसला वॉर्डभर सांगायचे, "या साहेबांनी कंपनीला वाकवलं!" मी गालात हसायचो. भाभी मांडीवरच्या पिशवीकडं बघायच्या.

गेल्या महिन्यात सलाइन चालू असताना स्टूल ओढून दोघांसमोर बसलो.

"मास्तर, कंपनीला मी वाकवलं नाही. तिनं सरळ विचारलं होतं. उत्तर तुमच्या पिशवीत होतं आणि पिशवी मी परत केली. तुमचा सीझन माझ्यामुळं गेला. वर खापर कंपनीवर फोडलं. भाभी, तुम्हाला हे माहीत होतं. माफ करा मला, दोघंही."