अर्धा प्याला

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मनुका धूत होते. शुक्रवारची सकाळ. प्रभुभोजनाचा द्राक्षरस आमच्या चर्चमध्ये विकतचा येत नाही; शुक्रवारी मनुका भिजवायच्या, शनिवारी उकळून गाळायच्या. हे काम कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. बाईंची भाची दवाखान्यातून म्हणाली, "मावशी गेली." मी नळ बंद केला, आणि आधी मनात आलं ते दुःख नव्हतं. भीती होती. बाईंना दिलेला शब्द आता पाळावा लागणार होता... त्याची लाज अजून वाटते.

रेव्हरंड सुमतीबाई सोलापुरातल्या आमच्या मंडळीच्या पहिल्या स्त्री-पाळक. टेंभुर्णीकडच्या शेतकरी घरातल्या, आणि बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच. त्या आल्या तेव्हा काही घरं प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे येतच नसत, बाईच्या हातून नको म्हणून मागच्या बाकांवर बसून राहत. उपदेशाला उभ्या राहिल्या की त्यांचा आवाज असा खणखणीत, की यंत्रमागांच्या खडखडाटात कान गेलेल्यांनाही ऐकू जाई. लोक म्हणत, बाई वाघीण आहे. वाघीण कसली! उपासनेआधी मागच्या खोलीत त्या माझा हात धरून बसत. तळवा गार, घामेजलेला. "रूथ, लई भ्या वाटतंय गं," म्हणत. आणि धीर कुणाकडे मागायचा, तर पाल दिसली तरी खोली सोडणाऱ्या माझ्याकडे! उघड्याकडे नागडा गेला आणि रात्रभर हिवाने मेला, त्यातली गत. त्यांचे हात कापायचे. म्हणून मी प्याला अर्धाच भरायचे. हे आम्हा दोघींशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

एका ईस्टरला चर्च गच्च भरलं होतं. आमचे सगळ्यांत जुने पंच दानियलकाका मागच्या खोलीत डोकावले. "प्रभूला अर्धा प्याला? भर की गं!" रविवारच्या शाळेत त्यांनीच मला शिकवलेलं, त्यांच्यापुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं. काठोकाठ भरला. बाईंना सांगायचं राहून गेलं... राहून गेलं नाही, धीर झाला नाही. त्यांनी प्याला उचलला आणि रस पांढऱ्या कापडावर सांडला.

संध्याकाळी पंचांची बैठक झाली. काका म्हणाले, "ह्यो इशारा हाय. बाईच्या हातून प्रभूला नको हाय." बाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी चहाचे कप गोळा करू लागले. त्यानंतर सहा महिने पंचांनी त्यांना प्याला उचलू दिला नाही. बाहेरगावाहून पाळक येत, आणि बाई सगळ्यांसारख्या पुढे येऊन त्यांच्यासमोर गुडघे टेकत.

शेवटी मी त्यांच्या घरी जाऊन रडले. त्या मेथी निवडत होत्या.

"तू भरलास व्हय?"

मी मान हलवली.

"असू दे. तुला काकांचं भ्या, मला मंडळीचं. हात कापत्यात म्हणून मी तरी कुटं सांगितलं?" अर्धी जुडी त्यांनी माझ्यापुढे सरकवली. "पर एक दिवस सांग. मी हाय तवर नको. लोक म्हणतील, बाईनंच पढवलं."

मी हो म्हटलं. तेव्हा तो दिवस फार लांबचा वाटला होता.

बाईंच्या शवपेटीला पहिला खांदा दानियलकाकांनीच दिला, आणि ते लहान मुलासारखे रडले. त्यांचं रडणं खोटं नव्हतं. पण आता नव्या पाळकाच्या जागेसाठी एका तरुण बाईंचं नाव आलं आहे, आणि गेल्याच आठवड्यात काका म्हणाले, "परत बाई? त्यो प्याला इसरलात व्हय?" मी तिथेच होते. याही वेळी गप्प बसले.

वर्तमानपत्राची ही पुरवणी रविवारी सकाळी येते. काका चहाबरोबर ती शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि मग उपासनेला येतात. उपासनेनंतर नवा पाळक ठरवायची बैठक आहे. तोंडाने सांगणं मला जमलं नसतं, म्हणून लिहिते. काका, तो प्याला मी भरला होता. तुम्ही भर म्हणालात म्हणून. इशारा वगैरे काही नव्हता. एक बाई घाबरली होती, आणि दुसरी तिच्याहून जास्त.

तुम्ही हे वाचाल तेव्हा मनुका उकळून, गाळून झाल्या असतील. प्याला उचलणार बाहेरगावचे पाळक, त्यांचे हात स्थिर आहेत. तरी मी तो अर्धाच भरणार आहे. मागच्या खोलीत असेन, काका. दार उघडं ठेवते... फक्त लवकर या. वाट बघताना माझे हात फार कापतात.