कंधारच्या उन्हात काळी राहिलेली पट्टी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरात नाही, लॅबमध्ये तर नाहीच. 'मॅडम काही विसरत नाहीत' असं तिथे म्हणतात — कदाचित म्हणूनच.

नांदेडच्या एका लॅबच्या गावोगावच्या शिबिरांची आखणी मी करते. सर्दी-तापाचा विषाणू ओळखणाऱ्या काचपट्टीची चाचणी चालू होती. पट्टीवर द्रव-स्फटिकाचा पातळ थर असतो, टीव्हीच्या पडद्यात असतो तसला. नाकातला नमुना त्यावर टाकायचा, पट्टी दोन काळसर काचांमध्ये धरायची. विषाणू असेल तर उजळते, नसेल तर काळी राहते. पण थर तापला की विषाणू असो-नसो, काळीच दिसते. म्हणून बर्फाची पेटी. शिवाय खरा रिपोर्ट दुसऱ्या नमुन्यावरून नंतर यायचा. तोवर पट्टीचा निकाल कुणाला सांगायचा नाही. हा नियम टाईप मीच केला होता.

कंधारजवळच्या गावात, ऐन मे महिन्यात, पेटी उघडली तर बर्फ नव्हता. भरायचा मीच होता. तेवढ्यासाठी शिबिर रद्द करायचं? सावलीत चालून जाईल, म्हटलं.

शिबिरात आलेल्या करुणाला ताप होता. तान्हं लेकरू तिनं सासूपाशी ठेवलेलं. तिची पट्टी काळी आली.

"काई न्हाई ना, ताई? मंग लेकराला घिऊ का जवळ?"

"हाव, घे की."

इतकं सहज म्हणाले मी.

संध्याकाळी लॅबच्या गार खोलीत पट्ट्या पुन्हा पाहिल्या. करुणाची पट्टी — माझ्या डोळ्यांदेखत, कडेपासून — उजळत गेली. तिचा नंबर होता माझ्याकडे. पण काय सांगणार होते? बर्फ विसरले म्हणून? रिपोर्ट येईलच, म्हटलं आणि पेटी धुऊन पालथी घातली.

रिपोर्ट आला तोवर लेकराला नांदेडला ऑक्सिजन लावला होता. ते वाचलं. आता घरभर पळतं. तुम्हाला वाटेल, सांगायचं होतं ते झालं. मलाही इथेच थांबायला आवडलं असतं.

लेकरू घरी आल्यावर मी भेटायला गेले. सासूबाई माझ्यासमोरच सुनेला बोलत होत्या. "अंगात ताप, अन् हिला दम निघंना. लेकराला पदराखाली घेऊन बसली. आई हाय का कोण हाय?"

करुणानं माझ्याकडे पाहिलं. माझं नाव तिनं घेतलं नाही. नुसती पाहत राहिली — मी बोलेन म्हणून. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य मला येत नव्हतं का?

मी म्हणाले, "खरंय, मावशी. रिपोर्ट येईपर्यंत थांबायला पाहिजे होतं हिनं."

करुणा उठली. आत जाऊन तिनं माझ्यासाठी चहा ठेवला.

तो मी पिऊन आले.