लालबागेत मोजलेलं यान

मालवणहून बोट सुटली तेव्हा माझ्या मांडीवर आकृत्यांची गुंडाळी होती. मी शिकवायचे त्या शाळेला दिवाळीची सुट्टी लागली होती. रशियाने नुकताच उपग्रह सोडल्यामुळे लालबागला दादाच्या चाळीत सगळ्यांना अंतराळावर भाषण हवं होतं, आणि 'माझी बहीण देईल' असं दादाने परस्पर सांगून टाकलं होतं. चौथीत शाळा सोडून तो गिरणीत लागला म्हणून मी पदवीपर्यंत पोचले. चारचौघांत त्याची मान खाली जाऊ नये, एवढीच धास्ती होती.

भाऊच्या धक्क्यावर दादा उभाच होता. ट्राममध्ये आम्ही इतके बोलत बसलो की उतरताना गुंडाळी आतच राहिली. मी रडकुंडीला आले. दादाने मला सरळ खानावळीत नेलं. तिथल्या मावशींनी तळलेला बांगडा वाढला आणि म्हणाल्या, "आधी खाऊन घे गो. उपाशीपोटी कोणाला काय समजावणार?"

दुपारी चाळीच्या अंगणात सतरंज्या पसरल्या. मागच्या भिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं हातभर अक्षरांत लिहिलेलं. मी सांगितलं, जवळजवळ उजेडाच्या वेगाने जाणारं यान आपण बाहेरून मोजलं तर आखूड भरतं. आत बसलेल्याला मात्र ते पूर्ण लांबीचंच भरतं.

"दिल्लीतून महाराष्ट्र असाच आखूड भरतो, बाई," एक म्हातारे विणकर म्हणाले. अंगणभर हशा पिकला. मीही हसले.

"पण दोघांतला एक खोटं मोजतोय ना?" त्यांनी विचारलं.

मी सूत्र सांगू लागले तशा जांभया सुरू झाल्या. दादाकडे बघायचा धीर होईना.

तोच उठला. दोरीवरचं धोतर काढून त्याने दोघांना ते जमिनीवरून ओढत न्यायला लावलं. पुढच्या टोकाशी स्वतः खडू घेऊन बसला, मागच्या टोकाशी विणकरांना बसवलं. मला म्हणाला, "बाय, तुझां चुकत नाय. पण मोजूचां कसां ता आदी दाखवूक व्हया." (मोजायचं कसं ते आधी दाखवायला हवं.)

दादाने आणि विणकरांनी एकदम खुणा केल्या. लांबी बरोबर भरली. मग पुन्हा ओढत नेताना दादाने आधी खूण केली, विणकरांनी जरा उशिरा. तेवढ्यात मागचं टोक पुढे सरकलं होतं. धोतर हातभर आखूड भरलं.

मला हुरूप आला. "यानातला माणूस आपल्याला हेच म्हणेल," मी म्हणाले, "तुम्ही मागची खूण उशिरा केलीत. आपण म्हणू, एकदमच केली. उजेडाचा वेग दोघांनाही सारखाच भरतो. यानाच्या मधोमध दिवा लावला तर आतल्याला उजेड दोन्ही टोकांना एकदम पोचलेला दिसेल, आपल्याला मात्र पुढे सरकत येणाऱ्या मागच्या टोकाला आधी. म्हणून 'एकदम' कशाला म्हणायचं हेच दोघांचं वेगळं असतं. खोटं कोणीच मोजत नाही."

विणकर हातातल्या खडूकडे बघत राहिले. "म्हणजे त्याचंही खरं," ते हळूच म्हणाले. त्यानंतर दिवेलागणीपर्यंत मला कोणी उठू दिलं नाही.

परतताना धक्क्यावर दादा म्हणाला, "अर्धा माका कळला. उरलेला पत्रात लिव."

आजवर त्याला लिहिलेल्या पत्रांत आईची तब्येत आणि आंब्याचा मोहोर, याखेरीज काही नसे. बाकीचं त्याला काय कळणार, हे मी त्याला न विचारताच ठरवून टाकलं होतं. बोटीवर मला तसं ठरवल्याची फार लाज वाटली. मालवण दिसायच्या आत आठ पानं लिहून झाली. आईची तब्येत शेवटी एका ओळीत उरकली.