मच्छरदानीआडचा डोंगर

आमच्या बायकोच्या मामेभावाएवढा संशयी मानूस महाडपास्नं पोलादपूरपर्यंत दुसरा नाय, आन् त्याचा सगळा संशय एकट्या सूर्यावर. हा मोबाइलवर पिक्चर काढतो. दिवे घ्यायला खिशात काय नाय, म्हनून सूर्याकडनं फुकटात काम करून घेतो आन् वर त्यालाच शिव्या घालतो. कुनाच्याबी घरात शिरला की मानसांना रामराम नंतर, आधी खिडक्या बघतो. एका साखरपुड्यात त्यानं नवरीला खिडकीसमोरनं उठवून कोपऱ्यात बसवली. म्हने मागनं उजेड येतोय, तोंड काळं पडतंय. नवऱ्याकडचे चपला घालून उभे राहिले. त्यांना वाटलं, मोडलं.

संशयी मीपन हाय, पन माझा संशय मानसांवर. चौथीतनं शाळा सोडली, डोकं रिकामं राहिलं, त्यात हेच भरलंय.

तर आमच्या घरामागच्या उताराला भेग पडली. तळीये गाव दरडीखाली गेल्यापास्नं आमच्याकडं भेग म्हटली की झोप उडते. खाली रस्त्याजवळच्या घरात जायचं ठरलं, पन आई हलेना. चाळीस वर्सं ती खिडकीशी बसून तांदूळ निवडत आलेली, समोर डोंगर. शेवटी म्हनाली, "येते, पन आधी मला आन् डोंगराला एका ठिकानी काढून द्या." मी मोबाइलवर काढायला गेलो. डोंगर आला की आईचा कोळसा, आई आली की खिडकीत नुसता चुना. मंग बायकोनं मामेभावाला बोलावला.

तो महाडच्या बाजारातनं काळी मच्छरदानी, कुनाच्या तरी गनपतीच्या मखराचं उरलेलं थर्माकोल आन् एक ट्यूबलाइट घेऊन आला. दोन दिवस नुसता आत-बाहेर. घराकडं बघायचा, आभाळाकडं बघायचा, आईच्या कानाशी कायतरी बोलायचा. मी म्हटलं, घर जानार, जमीन राहनार, ह्याला एवढा पुळका कसला? तिसऱ्या दिवशी सकाळी शेतावरनं आलो तर दाराला आतनं कडी, खिडकीला बाहेरनं मच्छरदानी दुहेरी ठोकलेली, आन् आतनं ह्याचा आवाज, "मावशी, हात तसाच ठेवा, हलवू नका."

झालं. घेतला अंगठा, मी म्हटलं. धावत जाऊन मच्छरदानी टराटरा फाडली आन् खिडकीत डोकं घातलं.

आत आई सुपावर हात ठेवून बसलेली. पुढ्यात कागद नाय, थर्माकोल.

"भावोजी," तो मोबाइलमागनं म्हनाला, "जाळीनं डोंगराचा उजेड जरा दबतो, थर्माकोलनं मावशीचा जरा वाढतो. दोघं सारखी येत होती आता."

"मंग कडी कशाला लावलीस?"

"तुमी याल म्हनून."

आई म्हनाली, "मेल्या, माजी जमीन हाय कुठं? तुज्याच नावावर केलीय ना."

ते मी इसरलोच होतो.

जाळी गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी सामानाचा टेंपो येनार. मला वाटलं, आता हा तोंड सोडनार. तो ओट्यावर बसला, चहा मागितला आन् म्हनाला, "सूर्य दमेपर्यंत थांबू." ऊन डोंगरावरनं उतरायला लागलं तशी त्यानं ट्यूबलाइट लावली आन् थर्माकोल माझ्या हातात दिलं. "हलू नका. धा मिनटं हायत, मंग डोंगर काळा." थर्माकोलावरनं उजेड आईच्या तोंडावर पडला, मागं डोंगर, दोघं सारखीच सुरकुतलेली. आई तांदूळ निवडत होती. मी तिला इतकं टक लावून कधी बघितलं नव्हतं, हात दुखले तरी हललो नाय.

नव्या घराच्या खिडकीतनं शेजाऱ्याची पान्याची टाकी दिसते. परवा मामेभाऊ आला, खिडकीकडं त्यानं बघितलंबी नाय. चहा पिला, सूर्याला एक शिवी न घालता गेला.

आई मोबाइलवर तो पिक्चर रोज बघते. त्यानं सकाळचा तुकडाबी मागं जोडून ठेवलाय. खिडकीत पांढरंफेक आन् मधी माझं काळं डोकं. आई तिथं थांबवते आन् शेजारनीला दाखवते, "हा माजा लेक. डोंगर ह्याच्या मागंच हाय गो, दिसत नाय एवढंच."