गुहेतली टाळी

आमच्या वाडीतला होडीवाला एरवी मालवणीच बोलायचा. पण समुद्रगुहेच्या तोंडाशी होडी आली की पर्यटकांना पुस्तकी मराठीत बजावायचा, "कृपया शांतता राखा. आत पाकोळ्यांची घरटी आहेत." मग छतातून उतरलेले खडक बॅटरीने दाखवायचा. हा गणपती, ही हत्तीची सोंड. लोक लगेच कंटाळत. तो त्याचीच वाट बघत असे. बॅटरी काखेत धरून तो स्वतःच खणखणीत टाळी वाजवायचा. पाकोळ्यांचा थवा डोक्यावरून बाहेर झेपावायचा, फ्लॅश उडायचे, सगळे खूश.

एकदा मी होडीत असताना वरून एक पिल्लू फळीवर पडलं. बोलणं न थांबवता त्याने ते पायाने पाण्यात सारलं.

परतल्यावर मी म्हटलं, "पिल्लां मरतत मा रे!"

"लोकां मुंबयसून काळोख बघूक येतत काय?"

काही वर्षांनी पाहुण्यांना घेऊन पुन्हा गेलो. घरटी ओस पडली होती. त्याने तशीच टाळी वाजवली. काहीच उडालं नाही. नुसता आवाज भिंतींवर फिरून परत आला.

"ऐका," तो अभिमानाने म्हणाला, "असा प्रतिध्वनी अख्ख्या कोकणात नाही."

होडीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.