हवेत राहिलेला मजला

"ताई, खांब काढला, पण वरचा मजला तसाच हाय की!"

सुप्रिया ओरडली आणि सगळ्या ऑफिसच्या माना वळल्या. ती आमची टेस्टर. गेम मुद्दाम मोडून बघणं हेच तिचं काम, आणि ते ती मनापासून करते.

कसबा बावड्यातल्या आमच्या छोट्या स्टुडिओत एक गेम तयार होत होता. त्यात खेळणाऱ्यानं स्वतःचं गाव उभारायचं. भिंत, जिना, पूल, हवं ते हवं तिथं. हे बांधकाम चालवणारा कोड माझा. पुण्याच्या क्लायंटचा डेमो तोंडावर आला होता.

चूक लवकर सापडली. प्रत्येक तुकडा फक्त शेजाऱ्याला विचारायचा, 'तू उभा आहेस ना?' मजल्याच्या फरशा एकमेकींना 'हो' म्हणत हवेत राहिल्या होत्या. मी लॉजिक बदललं. आता प्रत्येक तुकड्यानं पार जमिनीपर्यंत आधार शोधायचा. नाही सापडला, तर कोसळायचं.

सुप्रियानं भलामोठा बुरूज बांधला आणि खालचा खांब काढला. गेम हँग.

आमचे मालक रणजितदादा मागे येऊन उभे होते. "खांब काढायची सोयच बंद कर. तयार घरं देऊ, रंग बदलू देत लोक."

"दादा, लोकांनी स्वतः बांधायचं म्हणून तर हा गेम हाय. चुकीचं बांधलं तर पडलंच पायजे."

"आणि डेमोत हँग झाला तर? काम हातातनं जाईल."

"शुक्रवारपर्यंत थांबा. न्हाय जमलं तर मीच बंद करते."

गेम म्हणजे भराभर बदलणारी चित्रं. एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. माझा कोड अख्ख्या बुरुजाची तपासणी एकाच फ्रेममध्ये उरकायला जायचा, म्हणून चित्र अडकायचं. मग मी काढलेल्या खांबाला चिकटलेल्या तुकड्यांपासूनच तपासणी सुरू केली आणि ती अनेक फ्रेममध्ये वाटून दिली. सांगायला सोपं. आधी भक्कम जिनाच कोसळला. तो सावरला, तर छप्पर लटकलं. डबा कीबोर्डशेजारीच उघडायचा आणि पुन्हा कामाला लागायचं, असं चाललं होतं.

शुक्रवारी बुरूज खालून वर, तुकडा तुकडा ढासळत गेला. कुठंही न अडकता.

"आता कसा झ्याक पडला!" सुप्रिया म्हणाली.

डेमोत क्लायंट मॅडमनी नदीवर पूल बांधला. त्यावर जाऊन उभ्या राहिल्या आणि स्वतःच मधला खांब काढला. पुलासकट त्या नदीत. दादा माझ्याकडं बघत होते.

मग मॅडम हसल्या. "थांबा हं, मला परत बांधू द्या."

काम आमच्याकडेच राहिलं. तेव्हापासून 'खेळणारा असं कशाला करेल?' असं मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, की मी पहिल्यांदा तेच करून बघते.